गणितात एक्केचाळीस, आणि जायचे आहे आय.आय.टी.त!



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे अकरावीच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेड राजा अशा तालुक्यांतल्या खेड्यांतून मुले-मुली येतात. अर्ज आता संगणकावरून भरतात, पण शंका मात्र अजून तोंडीच विचारल्या जातात. त्यांतली एक शंका दरवर्षी ठरलेली. गुणपत्रिका पुढे धरून, आवाज जरा खाली आणून मुलगा किंवा मुलगी विचारते, "सर, गणितात एक्केचाळीसच आहेत. आय.आय.टी.चे नाव काढू की नको?"

हा प्रश्न तुमच्याही मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आय.आय.टी. हे एक उदाहरण झाले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, किंवा परदेशातले एखादे नामांकित विद्यापीठ, यांपैकी काहीही मनात धरा.

प्रथम एक खोटा दिलासा बाजूला सारू. कुणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले असेल, "अरे, आइन्स्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता!" मित्रांनो, तो कधीच गणितात नापास झाला नव्हता. १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. तिथे बसणारी इतर मुले त्याच्याहून सुमारे दोन वर्षांनी मोठी होती. त्यात तो उत्तीर्ण झाला नाही हे खरे, पण गणित आणि भौतिकीत त्याचे काम उत्तम होते. तो मागे पडला इतर विषयांत. मग एक वर्ष आराऊ गावच्या शाळेत काढून १८९६ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. तिथल्या अंतिम परीक्षेत बीजगणित आणि भूमितीत त्याला सहापैकी सहा गुण होते. तेव्हा आपल्या एक्केचाळीस गुणांना आइन्स्टाइनचा आधार देता येत नाही. दुसरा आधार शोधावा लागेल, आणि तो आहे.

एक्केचाळीस हा आकडा काय सांगतो?

ताप मोजण्याच्या नळीवर १०२ दिसले की ताप आहे एवढे कळते. हिवताप आहे की विषमज्वर, हे नळी सांगत नाही. गुणपत्रिकेचे तसेच आहे. शंभर गुणांची फोड पाहा. बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेने द्यायचे अंतर्गत २०. शाळेने हात सैल सोडून १८ दिले असतील, तर एक्केचाळीस म्हणजे लेखी परीक्षेत ऐंशीपैकी अवघे २३. उलट एखाद्याला बीजगणितात ८ आणि भूमितीत २० असतील. दोघांचा रोग वेगळा, पण पत्रिकेवर आकडा एकच. तिसरा परीक्षेच्या वेळी आजारी होता. चौथीला सगळे येत होते, पण वेळ पुरला नाही. या चौघांना एकच औषध देऊन कसे चालेल?

माझा अनुभव असा, की दहावीच्या गणितात अडलेल्या बहुतेकांचे दहावीच्या गणितात फारसे बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते पाचवी, सहावी, सातवीत. घर वरच्या मजल्यावर गळते म्हणून आपण तिथेच गिलावा करीत बसतो, आणि भेग असते पायात.

हे केवळ माझे मत नव्हे. रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांतल्या मुलांची वर्षानुवर्षे जपून ठेवलेली माहिती तपासली. दहा-बारा वर्षांचे असताना मुलांना काय येत होते आणि पुढे पाच-सहा वर्षांनी त्यांचे बीजगणित कसे झाले, याचा त्यांनी ताळा घेतला. बुद्धिमापनाचे गुण, घरची सांपत्तिक स्थिती, आईवडिलांचे शिक्षण, हे सारे हिशेबात धरल्यावरही दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: अपूर्णांक आणि भागाकार. लहानपणी ज्यांचे हे दोन पक्के होते त्यांचे पुढचे गणित चांगले होते. बेरीज-वजाबाकीचा संबंध तितका दिसला नाही.

अपूर्णांकात एवढे काय आहे, असे तुम्ही विचाराल. तर चला, लोणारच्या काठावर उभे राहू.

लोणारच्या काठावरचे गणित

आपल्या जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. बेसॉल्ट या काळ्या खडकात अशनीच्या आघाताने झालेले असे विवर जगात फार दुर्मीळ. त्याचे वय किती? आधी एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे ठरविले गेले होते. मग २०१० च्या सुमारास आरगॉन वायूवर आधारलेल्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. या दुसऱ्या पद्धतीच्या मुळाशी काय आहे? खडकातल्या पोटॅशियमच्या एका प्रकारच्या अणूंचे अतिशय सावकाश आरगॉनमध्ये रूपांतर होते. निम्मे अणू बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. किती भाग बदलला आणि किती उरला, हे मोजायचे. म्हणजे शेवटी अपूर्णांकच! खडकाचे वय एका अपूर्णांकात लिहून ठेवलेले असते.

आता एक प्रश्न. याच्या निम्म्या व्यासाचे दुसरे विवर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ लोणारच्या किती पट असेल? लगेच उत्तर पाहू नका. वर्गात हा प्रश्न विचारला की बरेच हात "निम्मे" म्हणून वर होतात. त्यांतल्या अनेकांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तोंडपाठ असते. सूत्र पाठ असणे आणि सूत्र बोलते करता येणे यांत जे अंतर आहे, तेच शाळेची परीक्षा आणि मोठ्या संस्थांची प्रवेश परीक्षा यांतले अंतर होय.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. वेगाने जाणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. मेहकरहून लोणारकडे येणारी एस.टी. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावते आहे असे समजू. म्हणजे सेकंदाला २० मीटर. पृथ्वीवर आदळणारे अशनी अवकाशातून साधारण सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतात. वेग किती पट झाला? हजार पट. मग दर किलोग्रॅममागे ऊर्जा किती पट? हजार पट नव्हे, हजाराचा वर्ग, म्हणजे दहा लाख पट! एवढा प्रचंड खड्डा कशाने पडला याचे अर्धे उत्तर या एका वर्गात आहे. ते मिळवायला लागले काय? एकके बदलणे, गुणोत्तर आणि वर्ग. सगळे आठवीपर्यंतचे. हे ज्याला सहज जमते त्याला दहावीत एक्केचाळीस असले तरी मी घाबरणार नाही. ज्याला पंच्याऐंशी आहेत पण हे जमत नाही, त्याची मात्र मला काळजी वाटते.

अडते ते गणित की मराठी?

दुसरे एक कारण आहे आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे धुरीण. या केंद्राने सुरुवातीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. खिरोदा रावेर तालुक्यात, म्हणजे आपल्या मलकापूरपासून फार लांब नाही. पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतील दलित वस्त्यांमधल्या मुलांबरोबरही केंद्राने काम केले. परीक्षेत मागे पडणारी मुले बुद्धीने मागे नाहीत, हे तर दिसलेच, पण त्यांच्या वाटेतला एक मोठा धोंडा कोणता तेही दिसले. तो धोंडा म्हणजे पाठ्यपुस्तकाची भाषा! तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून शिकविला तेव्हा मुलांना तो अधिक समजला.

गणितात ही अडचण फसवी असते, कारण शब्द थोडे असतात आणि ओळखीचे वाटतात. 'अनुक्रमे', 'प्रत्येकी', 'किमान', 'परस्परांशी व्यस्त प्रमाणात'. 'तिप्पट' आणि 'तीनने जास्त' यांतला फरक घाईत निसटतो. "मुलींची संख्या मुलांच्या संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी आहे" हे वाक्य समीकरणात लिहा बरे! पुष्कळ जण शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने चिन्हे मांडतात आणि फसतात.

फसणारे केवळ आपणच नाही, बरे का! अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारले: एका विद्यापीठात दर एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांच्या संख्येला एक अक्षर आणि प्राध्यापकांच्या संख्येला दुसरे अक्षर घेऊन समीकरण लिहा. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसते, की ३७ टक्के विद्यार्थी चुकले. बहुतेकांनी समीकरण नेमके उलटे लिहिले. आपण विद्यार्थ्यांसाठी 'व' आणि प्राध्यापकांसाठी 'प' घेऊ. चूक उत्तर ६व = प, बरोबर उत्तर व = ६प. पटत नसेल तर १० प्राध्यापक घालून पाहा. अक्षर हे वस्तूचे आद्याक्षर नसून एका संख्येचे नाव आहे, हे ध्यानी न आल्याचा हा परिणाम.

मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावीत आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. सहगुणकाचा कोएफिशंट होतो, फलनाचे फंक्शन होते, आणि कालपर्यंत येणारे गणित एकाएकी परके वाटू लागते. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर शब्दांची जोडयादी करा. दीड-दोनशे शब्दांत काम भागते. जे.ई.ई. मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, पण पुढची जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, हे आताच माहीत असलेले बरे.

एका मुलीची गोष्ट इथे सांगतो. मरियम मिर्झाखानी, जन्म १९७७, गाव तेहरान. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचे गणित चांगले झाले नव्हते. तिला फारशी गती नाही असे शिक्षिकेचे मत पडले, आणि मुलीचा विषयातला रसच गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षिका आल्या, त्यांनी धीर दिला आणि गाडी रुळावर आली. १९९४ आणि १९९५ साली तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके मिळविली, २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि २०१४ मध्ये गणितातला सर्वोच्च समजला जाणारा फील्ड्स पुरस्कार मिळविणारी ती पहिली महिला ठरली. २०१७ साली कर्करोगाने तिचे निधन झाले. ती असामान्य होतीच, आपण सारे तसे नसतो. पण त्या पहिल्या वर्षीच्या गुणांना हे असामान्यपण दिसले नव्हते, एवढे खरे.

दारे किती, आणि कोणत्या दारावर काय विचारतात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आय.आय.टी.च्या दारावर तुमचे दहावीचे गणिताचे गुण कुणी विचारत नाही. बारावीत एकूण ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५), किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० शतमकात स्थान, आणि जे.ई.ई.मधला क्रमांक एवढे लागते. २०२४ साली जे.ई.ई. ॲडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले. सर्व आय.आय.टी. मिळून जागा १८ हजारांहून थोड्या कमी. गंमत अशी, की त्या वर्षी सर्वसाधारण गुणवत्ता यादीत येण्यासाठी एकूण गुण लागले सुमारे ३० टक्के. म्हणजे शाळेत ३५ ला पास, आणि इथे ३० ला यादीत! अर्थात यादीत नाव येणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. जागेसाठी बरेच वर असावे लागते. पण प्रश्न कोणत्या जातीचे असतात याची कल्पना यावरून येईल. आणखी एक अट विसरू नका. भौतिकी, रसायन आणि गणित या प्रत्येक विषयात वेगळे किमान गुण लागतात. दहावीचे गुण कुणी विचारत नाही, पण गणित विचारतातच. भौतिकीच्या जोरावर गणित झाकता येत नाही.

ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. तेवढ्यात झाले नाही तर? तर बाकीची दारे आहेत, आणि आपल्याकडे पालकांना ती फारशी ठाऊक नसतात याचे मला वाईट वाटते. आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. बारावीला भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांपैकी तीन विषय असले तरी तिला बसता येते. म्हणजे जीवशास्त्र घेणाऱ्यालाही वाट आहे, फक्त परीक्षेत गणिताचे प्रश्न असतात. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२१ साली डेटा सायन्सचा एक पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात प्रवेशासाठी जे.ई.ई. लागत नाही. काही आठवडे घरी बसून त्यांचा अभ्यास करायचा आणि मग त्यांचीच पात्रता परीक्षा द्यायची.

मला सर्वांत आवडणारे दार मात्र उशिरा उघडणारे आहे. त्याचे नाव जॅम. साध्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करा, खामगाव, बुलडाणा, चिखली, कुठेही. तिसऱ्या वर्षी भौतिकी, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान अशा एखाद्या विषयात ही परीक्षा द्या, आणि एम.एस्सी.साठी आय.आय.टी.त जा. दहावीनंतर मध्ये पाच वर्षे मिळतात. पाच वर्षांत पायातल्या भेगा बुजविता येतात, फक्त पहिल्या दिवसापासून बुजवायला हव्यात. लोणारच्या खडकांचे ज्याला वेड आहे त्याने भूविज्ञानाचा विचार जरूर करावा. मुंबईच्या आय.आय.टी.त तो विषय शिकवितात.

उशिरा उघडलेल्या दाराचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरांत आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. भागाकार करा: ३७.६ टक्के. अस्पृश्यतेचे चटके, मुंबईच्या चाळीतली एक खोली, त्यात अभ्यास. त्या काळी गुणही हात राखून देत. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. झाले. त्यांचा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे चलन, विनिमयदर आणि किमती यांच्या आकड्यांवर. मॅट्रिक ते डी.एस्सी. ही सोळा वर्षे त्यांनी ग्रंथालयांत कशी घालविली ते तुम्ही वाचलेच असेल.

तेव्हा करायचे काय?

नववी-दहावीत असाल तर अकोला, लातूर किंवा कोट्याच्या शिकवणीची फी विचारण्याआधी बालभारतीची पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तके मिळवा. संकेतस्थळावर ती फुकट आहेत. धाकट्या भावंडांची असली तर उत्तमच. रोज एक तास. पाचवीचे पुस्तक उघडायला लाज वाटते, हे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. दार लावून बसा! जिथे अडेल तिथे थांबा, पुढे पळू नका. एक वेगळी वही चुकांसाठी ठेवा आणि तीत बरोबर उत्तर नव्हे, तर आपण चुकताना काय विचार केला ते लिहा. महिन्याभरात दिसेल, की तुमच्या चुका शंभर नाहीत, चार-पाचच आहेत आणि त्याच वेष पालटून येतात. पाया नसताना दोन वर्षांची शिकवणी लावून शेत गहाण पडल्याचे मी पाहिले आहे, म्हणून हे जरा कडक सांगतो.

सर्वांनाच आय.आय.टी. मिळेल असे मी म्हणणार नाही. जागा आणि परीक्षार्थी यांचे गुणोत्तर वर दिलेच आहे. तुमचे गुणोत्तर पक्के असेल तर ते तुम्हांला कळले असेल!

आता कागद-पेन्सिल घ्या आणि पुढचे सहा प्रश्न सोडवा. वेळ दहा मिनिटे. (१) ३/७ मोठा की ५/९? (२) ७ − (−३) किती? (३) ६ ला १/२ ने भागले तर किती? (४) सोयाबीनचा भाव आधी २० टक्क्यांनी चढला, मग त्या चढलेल्या भावावर २० टक्क्यांनी उतरला. आता तो मूळ भावाइतका आहे का? (५) क्ष = −३ असेल तर क्ष² − २क्ष किती? (६) मुलींच्या आणि मुलांच्या संख्येचे मघाचे वाक्य समीकरणात लिहा. मुले २० असतील तर मुली किती?

उत्तरे: पहिल्यात ५/९ मोठा. छेद न सारखे करताही सांगता येते, कारण ३/७ निम्म्याहून कमी आणि ५/९ निम्म्याहून जास्त. हे सुचले नसेल तर सहावीचे पुस्तक काढा. दुसऱ्याचे उत्तर १०. तिसऱ्याचे १२, ज्यांचे ३ आले त्यांनी सहा भाकरींचे अर्धे अर्धे तुकडे करून मोजावेत. चौथ्यात भाव ४ टक्क्यांनी कमी: १०० चे १२० झाले आणि १२० मधून २४ गेले. पाचव्याचे १५, ३ आले असेल तर ऋण चिन्ह तुम्हांला फसविते आहे, आणि सातवीपासून उजळणी हवी. सहाव्यात मुलांची संख्या क्ष धरली तर मुली २क्ष − ५, म्हणून ३५. लोणारच्या निम्म्या व्यासाच्या विवराचे क्षेत्रफळ लोणारच्या एक चतुर्थांश. त्याच विवराची खोलीही निम्मी असेल, तर ते भरायला माती लोणारच्या किती भाग लागेल, हे मात्र तुमचे तुम्ही काढा.